‘माय’ म्हणजे ‘माझे’

“आई, आजपासून तू घरात बोलायचं नाहीस.”

तव्यावरून नुकतीच उतरलेली भाकर वच्छलाबाईंच्या हातातच राहिली... मुलाच्या ताटाकडे झुकलेला तो कष्टाळू हात जागच्या जागी थबकला आणि त्यांनी श्यामच्या मुखाकडे पाहिले. थट्टा असावी, असे त्या भोळ्या मातृहृदयाला क्षणभर वाटले. कारण बालपणी हाच श्याम शाळेतून परतला की त्यांच्या ओठांवर चिमुकला तळवा ठेवून ‘माय, आता मी मास्तर, तू चूप’ असा खेळ खेळत असे. परंतु आज त्या मुखावर खेळाचा लवलेशही नव्हता! आज तेथे होती ती केवळ लाज, आणि लाजेला झाकण्यासाठी ओढून आणलेली कठोरता.

समोरच्या खुर्चीवर श्यामचे श्वशुर, अमरावतीच्या न्यायालयातील वकील मोरोपंत, लोणच्याची फोड चोखत अशा निश्चल मुद्रेने बसले होते, की निकाल त्यांनीच लिहिला असून वाचून मात्र जावयाकडून घेतला आहे, हे भिंतीलाही कळावे. आणि बाजूला त्यांची कन्या अदिती, वच्छलाबाईंची सून, ताटातल्या भातावर बोटाने रेघा ओढीत खाली मान घालून बसली होती.

प्रकरण असे होते. अदितीचा थोरला बंधू सौमित्र कॅनडात स्थायिक झाला होता आणि तेथील हिमवृष्टीची छायाचित्रे तो अमरावतीच्या साईनगरातल्या या घरी अशा थाटात पाठवीत असे, की जणू ते हिम त्याने स्वतःच पाडले आहे. श्याम आणि अदितीनेही तेथे जावे, हा मोरोपंतांचा ध्यास! त्यासाठी श्यामला इंग्रजीची एक परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक होते. ऐकणे, वाचणे, लिहिणे या तिन्ही नद्या तो पोहून गेला. परंतु बोलणे या चौथ्या ओढ्यात, केवळ अर्ध्या बँडने, म्हणजे अर्ध्या गुणाने, त्याचे तारू बुडाले. तेव्हा काळ्या काचांच्या एका वातानुकूलित क्लासमध्ये त्याने नाव घातले. तेथील स्पीकिंगचे सर मूळचे परतवाड्याचे. परंतु त्यांचे उच्चार ऐकले असता वाटावे, की हे गृहस्थ जन्मतःच थंडीने कुडकुडत होते. त्यांनी श्यामचे बोलणे ऐकले, नाक किंचित मुरडले आणि निदान केले, की तुमच्यावर ‘मदर टंग’चा प्रभाव आहे, तो आधी घालवा.

मोरोपंतांनी या निदानाचा अर्थ आपल्या कायदेशीर बुद्धीने लावला. “मदर टंग म्हणजे काय?” ते जेवता जेवता म्हणाले होते, “आईची जीभ. दिवसभर कानावर ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ पडत असेल तर जावईबापूंच्या तोंडात इंग्रजी टिकणार कसं? गोड्या पाण्याच्या विहिरीत कोणी रोज खडीमीठ टाकतं का? विहीणबाई, राग मानू नका. परीक्षा होईपर्यंत घरात सर्वांनी इंग्रजीतच बोलायचं. ज्यांना येत नाही त्यांनी विश्रांती घ्यायची.”

ज्यांना येत नाही ते त्या घरात एकच होते!

हाय रे दैवगती! वऱ्हाडच्या काळ्या मातीतली ही स्त्री, पती निवर्तल्यावर दिराच्या खांद्याला खांदा लावून तुरीत आणि कपाशीत राबली, ती याच पोरासाठी. त्याला अमरावतीस शिकविले, तो खाजगी महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकवू लागला, वकिलाची कन्या सून म्हणून आली, आणि सुनेने रुग्णालयात व्यायामोपचाराची, म्हणजे फिजिओथेरपीची, नोकरी धरली तेव्हा ‘घर कोण पाहीन?’ म्हणून बार्शीटाकळीचे अंगण सोडून ती या तिसऱ्या मजल्यावर येऊन राहिली. येथे तिचे असे एकच धन होते. तिची वाणी! रोखठोक, मोकळी, शिवारातल्या वाऱ्यासारखी वाणी... आणि मुलाने आज नेमके तेच मागितले!

वच्छलाबाईंनी भाकर त्याच्या ताटात वाढली.

“तुहं भलं होत असन तं मी कायले बोलू, बाप्पा,” त्या म्हणाल्या.

एवढे बोलून त्यांनी पदराने ओठ पुसले, जणू शेवटचा घास संपला! अधिक महिन्यात मौन धरून जेवणाऱ्या स्त्रिया त्यांनी गावी पाहिल्या होत्या. हेही तसेच एक व्रत, असे त्यांनी स्वतःच्या मनाला समजाविले. परंतु प्रत्येक व्रताला उद्यापन असते. या व्रताचे उद्यापन कोण करणार होते?

दुसऱ्या दिवसापासून घराच्या अंगावर पिवळ्या चिठ्ठ्यांच्या पुटकुळ्या उठल्या. शब्दसंग्रह वाढावा म्हणून श्यामने वस्तूवस्तूवर अवघड इंग्रजी शब्द चिकटविले. मिठाच्या बरणीवर ‘इंडिस्पेन्सेबल’, खिडकीच्या काचेवर ‘ट्रान्सपरंट’, आरशावर ‘कॉन्फिडन्स’. वच्छलाबाईंनी गावाहून आणलेला दगडी पाटा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभा होता, त्याच्यावरही एक चिठ्ठी लागली. त्यांनी त्या अक्षरांकडे बोट दाखवून सुनेला खुणेने अर्थ विचारला. अदिती जराशी घुटमळली. ‘ऑब्सोलीट’ याचा अर्थ निरुपयोगी झालेले, काळाने टाकून दिलेले, हे सांगण्याचा तिला धीर होईना. “जुनं,” ती हळूच म्हणाली. वच्छलाबाईंनी समाधानाने मान हलविली आणि मिरची वाटण्यापूर्वी त्या चिठ्ठीला ओल्या हाताचा स्पर्श होऊ नये म्हणून तिच्यावर आपल्या पोलक्याच्या चिंधीचा तुकडा पांघरला. मुलाचा अभ्यास होता तो! आपल्या अपमानालाही भिजू न देणारी ही माता... आणि तिच्या जिभेचे वावडे असलेले ते घर!

मौन तर त्यांनी लीलया पेलले असते. परंतु एका शब्दाने त्यांचा छळ मांडला.

लहानपणी श्याम त्यांना ‘माय’ म्हणत असे. वऱ्हाडात दुसरे काय म्हणणार? लग्न ठरले त्या वर्षी, वकिलांच्या घरी ते बरे दिसत नाही म्हणून, त्या ‘माय’ची ‘आई’ झाली. वच्छलाबाईंनी तेही मानून घेतले होते. आणि आता, इतक्या वर्षांनी, श्याम कानात यंत्र खुपसून बैठकीच्या खोलीत येरझारा घालू लागला आणि त्याच्या मुखातून पुन्हा तो शब्द येऊ लागला... माय! माय होमटाऊन. माय हॉबी. माय फ्यूचर प्लॅन. पहिल्या वेळी तर हातातले पीठ तसेच टाकून त्या दारापर्यंत धावल्या. ‘ओ’ हा उद्गार अगदी ओठांवर आला होता! श्यामने त्यांच्याकडे पाहून कपाळाला आठी घातली आणि हाताने, जसे अंगणात आलेल्या वासराला हाकलावे तसे, आत जाण्यास सुचविले. तरी दुसऱ्या वेळी पाऊल निघालेच. तिसऱ्या वेळीही निघाले. अखेर अदितीने त्यांना एकांती सांगितले, “आई, इंग्रजीत ‘माय’ म्हणजे माझं.”

माहं!... त्या रात्रंदिवस त्या अर्थाशी झुंजत राहिल्या. पोराच्या तोंडात गाव माझे होते, छंद माझा होता, भविष्य माझे होते. दर वाक्याच्या आरंभी माय होती आणि घरातली माय मात्र कोणाचीच नव्हती! मग त्यांनी स्वतःला शिकविले. ‘माय’ ऐकू आले की वळायचे नाही. थांबायचे. पुढचा शब्द येतो का पाहायचे. तो येतच असे.

हिवाळा ऐन भरात आला होता. एका सकाळी घरातील गिझर बिघडला म्हणून न्हाणीघरात बादलीत हिटरची सळई सोडून पाणी तापत ठेविले होते. श्यामची त्या वेळी भ्रमणध्वनीवर सरांसमोर तोंडी परीक्षेची तालीम चालू होती. ‘ग्लोबल वॉर्मिंग’वर बोलत बोलत तो घरभर फिरत होता. बोलता बोलता तो न्हाणीत शिरला, आणि पाणी कितपत तापले ते पाहण्यासाठी, बटण बंद न करताच, त्याने हात बादलीकडे नेला...

“श्याम, हात नोको घालू रे, हिटर चालू हाय.”

व्रत मोडले! पण हात वाचला... बोटे पाण्यापासून तसूभर अंतरावर थांबली. आणि त्यानंतर भ्रमणध्वनीतून सरांचे हास्य! ते इंग्रजीत काहीतरी म्हणाले, ज्यात ‘हिटर’ होता, ‘व्हिलेज’ होते. श्यामचा चेहरा काळवंडला. त्याने फोन बंद केला आणि ज्या जिभेने त्याचे प्राण वाचविले, त्या जिभेवर तो तुटून पडला.

“तुला एवढंही जमत नाही? इतके महिने मी स्वतःला घासतोय, आणि तू एका ओळीत सगळ्यावर शेण सारवतेस. सर हसले माझ्यावर. कळतंय का तुला, हसले.”

त्याच सायंकाळी मोरोपंत आले. घडलेला वृत्तान्त ऐकून त्यांनी चहाच्या कपावर फुंकर घातली. “जीभ आहे, नळ नव्हे,” ते म्हणाले, “फिरवला आणि बंद झाला, असं होत नाही. त्यालाही संस्कार लागतात.” आणि मग, हे जणू सहज आठवले अशा स्वरात, त्यांनी कॅनडाच्या नियमांविषयी माहिती दिली, की तेथे सगळ्यांची वैद्यकीय तपासणी होते, घरात कोणी आजारी माणूस निघाले की फाईल अडकून पडते, सौमित्राच्या एका मित्राचे तसेच झाले म्हणे. कायद्याच्या पदवीवर धूळ साचली की तिचेही ज्ञान होते, असा त्यांचा समज असावा! परंतु वच्छलाबाईंनी ते वाक्य, आतल्या खोलीत चादरीची घडी घालता घालता, काळजाच्या गाठीला बांधून ठेविले.

आणि मग तो दिवस उजाडला...

रविवारची दुपार. गच्चीच्या दारात उन्हाला पाठ देऊन वच्छलाबाई तुरीच्या शेंगा सोलीत बसल्या होत्या. आत श्यामची सरांबरोबर भ्रमणध्वनीवर पुन्हा तालीम चालू होती. त्याला विषय मिळाला होता, घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीचे वर्णन करा. श्यामने घसा खाकरला आणि पाठ केलेले उत्तर तो अस्खलित म्हणू लागला.

“माय मदर...”

वच्छलाबाईंची बोटे शेंगेवर थांबली. ‘माय’ला त्या आता फसत नव्हत्या. परंतु ‘मदर’! हा शब्द त्यांना येत होता. मदर म्हणजे आपणच! पोरगा परक्या माणसाला आपल्याविषयी काही सांगतो आहे... त्या दाण्यासारख्या दडून, श्वास रोखून ऐकू लागल्या. लांबच लांब वाक्ये वाहत गेली, एकही ओळखीचे तोंड नसलेल्या लग्नाच्या वऱ्हाडासारखी. आणि त्या गर्दीत अकस्मात एक शब्द परिचयाचा दिसला.

“...अ व्हेरी पेशंट वुमन.”

पेशंट!

हा शब्द वच्छलाबाई रोज ऐकत असत. अदितीच्या रुग्णालयाचा फोन येई तेव्हा ‘पेशंट आला’, ‘पेशंट झोपवून ठेवा’, ‘पेशंटच्या घरच्यांना सांगा’ एवढेच तर त्यांना समजत असे. श्यामने तो शब्द पुन्हा उच्चारला. पाठोपाठ ‘सायलेंट’ म्हणाला. आणि सायलेंट म्हणजे फोनचा आवाज घालवून टाकणे, हेही त्यांना ठाऊक होते.

तळहातावरचे हिरवे दाणे घरंगळून फरशीवर पसरले. आपण पेशंट आहोत! आपला आवाज गेला आहे, हे त्याने ओळखले. आणि एक म्हातारी घरात आजारी आहे, असे त्याने परीक्षेच्या मास्तरांना सांगूनही टाकले! मोरोपंतांचे वाक्य गाठ सोडून उसळी मारून वर आले. घरात आजारी माणूस निघाले की फाईल अडते... म्हणजे जिभेने अडविले ते अडविलेच, आता देहानेही आपण पोराच्या वाटेत आडव्या पडलो!

पुत्राने आपल्याला रोगी ठरविले याचे दुःख त्यांना झाले नाही काय? झाले. काळीज चिरत गेले. परंतु त्या मातेने ते दुःख बाजूला सारले, जसे निवडताना किडका दाणा बाजूला सारतात, आणि पहिला विचार केला तो असा, की घरात पेशंटच उरला नाही तर फाईल कशाला अडेल?

दुसऱ्या दिवशी दोघे कामावर गेल्यावर त्यांनी वांग्याची भाजी करून ठेविली, श्यामला आवडतात म्हणून रोडगे भाजून फडक्यात बांधले, पाट्यावरची चिंधी सारखी केली, आणि लुगड्यांचे गाठोडे घेऊन त्या खाली उतरल्या. किल्ली तळमजल्यावरच्या माणिकबाईंकडे देताना त्या एवढेच कुजबुजल्या, “दिराकडं जाऊन राहिली. मी पेशंट हाय. पोराले सांग, काळजी करू नोको.”

बसमध्ये वाहकाने कोठे जायचे म्हणून विचारले तेव्हा त्यांचा कंठ उघडेचना. इतक्या दिवसांचे मौन गंजलेल्या कडीसारखे बसले होते. तो सहृदय तरुण त्यांना मुकी समजून बोटांनी खुणा करू लागला. त्या खुणा पाहून वच्छलाबाईंच्या नेत्रांतून आसवांच्या धारा लागल्या, आणि त्या धारांबरोबरच शब्द बाहेर आले. “अकोल्याचं दे, बाप्पा. मले बोलता येते.”

बार्शीटाकळीला त्यांचे दीर खुशालराव आणि जाऊ पंचफुला यांनी त्यांना पाहून आधी पाणी दिले आणि मग कारण विचारले. रोग कोणता, हे त्यांना सांगता येईना.

“थो इंग्रजीतला हाय,” त्या म्हणाल्या. “मले काय ठाऊक?”

खुशालराव हे जिभेने तिखट आणि मनाने लोण्यासारखे गृहस्थ. त्यांनी वहिनीला अकोल्यास डॉक्टरकडे नेले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, छाती तपासली, रक्त काढून घेतले, आणि अहवाल आल्यावर ते हसून म्हणाले, की यांच्यापेक्षा मीच जास्त पेशंट दिसतो. खुशालरावांनी परतीच्या वाटेवर विचारले, “मंग वहिनी, तुले पेशंट म्हनतलं कोनं?” पोराचे नाव दिरासमोर घेऊन त्याला उणेपणा आणावा, हे वच्छलाबाईंच्याने होईना. पंचफुलाने मात्र चुलीपुढे बसवून सारे काढून घेतले, आणि नवऱ्याला सांगितल्यावाचून ती स्त्री कशी राहील?

अमरावतीहून श्यामचे फोन येऊ लागले. वच्छलाबाई ते घेत नसत. परीक्षा आठवड्यावर आली होती. आपला एक ‘मले’ तारेतून त्याच्या कानात शिरला आणि पुन्हा अर्धा बँड गेला तर? अखेर एकदा मोरोपंतांनीच फोन केला. विहीणबाईंनी असे न सांगता जाणे शोभत नाही, जावईबापूंचे अभ्यासात लक्ष लागत नाही, अदितीला नोकरी करून स्वयंपाक झेपत नाही, तरी त्यांना फोनवर बोलवा, असे ते आज्ञा केल्यासारखे म्हणाले.

“वकीलसाहेब,” खुशालराव म्हणाले, “वहिनी सायलेंटवर हाय. तुमीच करून ठेवली ना? आता वाजत नाई तं कंपनीले फोन करा.” आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

परीक्षा नागपूरला झाली. दुसऱ्याच दिवशी दुपारी श्याम आणि अदिती बार्शीटाकळीच्या अंगणात येऊन उभे राहिले.

ओसरीवर खुशालराव सुतळी वळीत बसले होते. पुतण्याला पाहून ते उठले नाहीत. “ये बाप्पा,” ते म्हणाले, “अठी बोल मनसोक्त इंग्रजी. कोंबड्यायले समजते.”

श्यामने मान खाली घातली. वच्छलाबाई दारात आल्या. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे पडली होती, दाढी वाढली होती. ते पाहून त्यांचा जीव गलबलला, परंतु ओठ मिटलेलेच राहिले. निकाल लागेपर्यंत व्रत सुटले असे कसे मानावे?

अदितीच पुढे झाली. तिने सासूच्या पायांना हात लावला आणि विचारले, “आई, माणिकबाई म्हणाल्या तुम्ही आजारी आहात. काय होतंय तुम्हाला? मी घरात असून मला सांगितलं नाहीत.”

वच्छलाबाईंनी श्यामकडे पाहिले. बोलावे की न बोलावे?... त्यांनी हातानेच विचारले. श्यामला ती खूण समजली, आणि आपणच शिकविलेली ती खूण पाहून त्याच्या मुखावरचे रक्त उतरले.

“बोल ना,” तो कसाबसा म्हणाला.

“मले काई नाई झालं,” वच्छलाबाई म्हणाल्या. “डाक्टरनं पाह्यलं. पन तूनंच सांगतलं ना फोनात, त्या मास्तराले. माय मदर पेशंट हाय म्हून. मंग घरात पेशंट असला तं तुमची फाईल अडन, वकीलसाहेब म्हनत होते. म्हून मी अठी आली.”

अदितीने आपल्या पतीकडे पाहिले. त्या दृष्टीत इतक्या महिन्यांचा न बोललेला तिरस्कार एकवटला होता, आणि त्यात तिचा स्वतःचाही वाटा होता. मग ती सासूच्या जवळ खाली बसली.

“आई, आमच्या दवाखान्यातला पेशंट वेगळा. इंग्रजीत त्या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. पेशंट म्हणजे... सोसणारी. धीरानं सोसणारी. तुम्ही खूप सोसलं, असं ते सांगत होते.”

वच्छलाबाई तो अर्थ मनात फिरवीत राहिल्या. सोसणारी!... एवढे गोड त्याने आपल्याविषयी म्हटले होते! ज्या शब्दाला रोग समजून त्या उंबरठा ओलांडून आल्या, तो शब्द तर पुत्राच्या मुखातले फूल होते! परंतु ते फूल हाती घेता घेता त्याचा देठच काट्यासारखा रुतला...

“हे त्यानं मास्तराले सांगतलं?”

“हो, आई.”

“मंग मले काहून नाई सांगतलं, रे श्याम?” त्यांचा स्वर चढला नाही. “मी तं तठीच होती. दारात. शेंगा सोलून राहिली होती.”

श्याम ओसरीच्या पायरीवर बसला. आणि मग त्याने, कोणाकडे न पाहता, नागपूरची हकिकत सांगितली. परीक्षा घ्यायला एक प्रौढ स्त्री बसली होती. तिने नेमका तोच विषय दिला. त्याने पाठ केलेले सारे म्हटले. आई पेशंट आहे, इंडिस्पेन्सेबल आहे, तिच्यामुळेच मी आहे. त्या बाई मान डोलवीत होत्या. मग त्यांनी सहज एक साधा प्रश्न विचारला, जो कोणत्याही चिठ्ठीवर नव्हता.

“त्या म्हणाल्या, तुम्ही आईशी काय बोलता? शेवटचं काय बोललात?” श्यामचा आवाज फाटला. “मला आठवलं ते हिटरचं. आणि त्यानंतर मी काय बोललो ते. हे कसं सांगणार? सगळे शब्द येत होते मला, सगळे. तोंडातून एक निघाला नाही. त्यांनी वाट पाहिली, आणि मग वेळ संपली म्हणाल्या.”

“म्हंजे नापास झाला?”

“माहीत नाही. झालो असेन.”

वच्छलाबाईंच्या मुखावर एकाएकी निराशेची छाया पसरली. त्यांना राग आला नाही, सूड सुचला नाही. आपले व्रत वाया गेले, एवढेच त्या माउलीला कळले! “मी चूप राहूनबी काई झालं नाई, बाप्पा,” त्या पुटपुटल्या, आणि डोळ्यांतले पाणी कोणाला दिसू नये म्हणून वळून आत, चुलीपाशी निघून गेल्या.

बाहेर खुशालरावांनी सुतळीचा गुंडाळा खाली ठेविला. “शिकला लेकाचा,” ते अदितीला म्हणाले, “पन पहिला धडाच राह्यला.” अदितीने पतीच्या पाठीला हात लावला आणि दाराकडे बोट केले.

चुलीत काड्या सारीत वच्छलाबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. मागे उंबरठ्यावर पावले थांबल्याचे त्यांना कळले. तो काहीतरी शोधीत होता. वकिलांच्या घरात शोभणारे सर्व शब्द, क्लासच्या काळ्या काचांमागे घोकलेले सर्व शब्द तो बहुधा एकेक करून खाली टाकीत होता...

“माय,” श्याम म्हणाला.

वच्छलाबाईंचा हात काडीवर थांबला. परंतु त्या वळल्या नाहीत. महिनोन् महिने त्यांनी हेच तर स्वतःला शिकविले होते! ‘माय’ म्हणजे माझे. त्यापुढे काहीतरी येते. होमटाऊन येते, हॉबी येते, फ्यूचर येते. त्या पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिल्या.

काडी जळत बोटांपर्यंत आली. उंबरठ्यावरून केवळ हुंदका दाबल्याचा आवाज आला. पुढचा शब्द आला नाही.

“ओ,” त्या म्हणाल्या.